दगडांतले 'वाद'

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाच्या व्यासपीठावर राजकारण आणावयाचे नाही, हा आपल्याकडचा जुना अलिखित दंडक आहे आणि तो शहाणपणाचाही आहे. घरापासून दूर आलेली माणसे संक्रांतीच्या तिळगुळासाठी, गणपतीच्या आरतीसाठी, कोजागरीच्या मसाला दुधासाठी एकत्र जमतात. तेथे पक्षांची भांडणे शिरली तर दुधाचे पातेले चुलीवरून उतरण्याआधीच निम्मी मंडळी घरी जावयाची. तेव्हा आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळावर आठी उमटली असल्यास आम्हांस नवल वाटणार नाही. आम्ही एवढेच आश्वासन देतो की कोणत्याही पक्षाची बाजू आम्ही आज घेणार नाही. बोलावयाचे आहे ते शिकविण्याविषयी. या शहरात आम्ही बरीच वर्षे मुलांना इतिहास शिकवीत आलो, आणि राजकीय विचारसरणी हा धडा पुस्तकापेक्षा घाटांवर, देवळांत आणि संग्रहालयांत अधिक नीट शिकविता येतो, असे आमचे मत बनत गेले. ते मत आपणांपुढे ठेवतो.

मराठी भाषेने या विषयात एक गंमत करून ठेवली आहे. राष्ट्रवाद, साम्राज्यवाद, समाजवाद, साम्यवाद या सर्वांच्या शेवटी जो 'वाद' आहे तो म्हणजे मतप्रणाली. आणि शेजाऱ्याशी भिंतीवरून होतो तोही वादच. आमच्या वर्गातील मुले या व्याख्या तोंडपाठ म्हणतात. साम्राज्यवादाची तीन कारणे, राष्ट्रवादाची चार लक्षणे, गुणही पूर्ण. एकदा आपल्याच मराठी घरातील एका मुलाला आम्ही विचारले, "तुझ्या घरी कोणता वाद आहे?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "आमच्या घरी कसलाही वाद नाही, सर." वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी परतताना ते उत्तर मनातून जाईना. विचारसरणी ही नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असते, पुस्तकातल्या, परदेशातल्या, विरोधी पक्षातल्या माणसाची. आपल्या घरी जे असते ते मात्र सरळ, स्वाभाविक, देवाने दिलेले, अशी त्या मुलाची समजूत होती. आणि खरे सांगावयाचे तर ती आपणां सर्वांचीच असते. व्याख्या पाठ करून ती हलत नाही. एखाद्या वस्तूपुढे उभे राहून, ती कोणी घडविली, कोणाच्या पैशाने, कोणी पाहावी म्हणून, आणि घडविताना काय वगळले, हे विचारीत गेले म्हणजे ती हळूहळू हलू लागते.

यासाठी आम्ही मुलांना सर्वप्रथम नेतो ते भारतमाता मंदिरात. कॅन्ट स्थानकापासून जवळच, काशी विद्यापीठाच्या आवारात हे मंदिर आहे. बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी ते बांधविले आणि २५ ऑक्टोबर १९३६ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आत मूर्ती नाही. जमिनीवर संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे. सुमारे एकतीस फूट लांब आणि तीस फूट रुंद, आणि तो ७६२ तुकडे जोडून केलेला आहे असे सांगतात. दुर्गाप्रसाद नावाच्या कारागिराच्या देखरेखीखाली तो घडला.

येथे आपल्यासारख्यांनी थोडे थांबावे अशी एक हकीकत आहे. शिवप्रसादजींना ही कल्पना सुचली ती काशीत नव्हे. १९१३ च्या कराची काँग्रेसहून परतताना ते मुंबईमार्गे पुण्यास गेले आणि धोंडो केशव कर्वे यांच्या विधवाश्रमास त्यांनी भेट दिली. तेथे जमिनीवर मातीचा, डोंगर-दऱ्यांच्या उठावासह केलेला भारताचा नकाशा त्यांनी पाहिला, आणि तो त्यांच्या मनात रुतून बसला. पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर ज्या स्त्रियांना समाजाने उंबरठ्याच्या आत कोंडले होते, त्यांनी आपला देश किती मोठा आहे हे पाहावे म्हणून मातीचा नकाशा. आणि त्यातून काशीत संगमरवराचे मंदिर. काशीच्या मराठी माणसाला अहिल्याबाईंचे नाव ठाऊक असते, गागाभट्टांचे ठाऊक असते. परंतु हा दुवा फारच थोड्यांना माहीत आहे, आणि आमच्या मते तो त्या दोहोंइतकाच अभिमानास्पद आहे. मुलींना तो सांगितला की त्या नकाशाकडे निराळ्याच नजरेने पाहू लागतात.

आता पाहण्याकडे वळू. मुलांच्या हाती आम्ही वही-पेन्सिल देतो आणि 'राष्ट्रवाद' हा शब्द तासभर उच्चारावयाचा नाही अशी अट घालतो. आधी मोजणी. या नकाशात आडवे एक इंच म्हणजे ६.४ मैल आणि उभे एक इंच म्हणजे दोन हजार फूट असे प्रमाण धरले आहे. मुले गणित करतात. ६.४ मैल म्हणजे जवळजवळ ३४ हजार फूट. म्हणजे उंची सुमारे सतरा पटींनी वाढविलेली आहे. एव्हरेस्ट येथे चौदा इंचांहून उंच आहे. आडवेच प्रमाण पाळले असते तर तो एक इंचही भरला नसता. मग कोणीतरी विचारतो, "म्हणजे नकाशा खोटा आहे का?" या प्रश्नाची आम्ही वाट पाहत असतो. खोटा नाही, तसे केले नसते तर हिमालय हाताला लागला नसता, डोळ्यांना दिसला नसता. पण वाढविले आहे हे खरे. देशाचे चित्र काढणारा प्रत्येक जण काहीतरी उंच करतो. काय उंच केले हे पाहण्याची सवय लागणे, हा त्या दिवसाचा अर्धा धडा होय.

उरलेला अर्धा धडा मूर्ती नसण्याचा. १९०५ साली, वंगभंगाच्या धामधुमीत, अवनींद्रनाथ ठाकूर यांनी 'भारतमाता' हे चित्र काढले. भगव्या वस्त्रातील चतुर्भुज तपस्विनी, हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ. शस्त्र नाही. आम्ही त्याची छापील प्रत बरोबर नेतो आणि नकाशाच्या कठड्यावर ठेवतो. मग १९८३ साली हरिद्वारला उभ्या राहिलेल्या भारतमाता मंदिराचे चित्र. तेथे अनेक मजले आहेत, देवदेवता आणि थोर पुरुषांच्या मूर्ती आहेत, भारतमातेची मूर्तीही आहे. आणि शेवटी, येथून फार दूर नसलेली, डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या विश्वनाथ धामाच्या परिसरातील भारतमातेची मूर्ती. नाव एकच, माता एकच, रूपे चार. मूर्ती नसेल तर पुजारी लागत नाही, नैवेद्य लागत नाही, सोवळे-ओवळे उरत नाही. सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या लोकांना, हरिजनांनाही, एकत्र येता येईल असे हे स्थान व्हावे ही अपेक्षा गांधीजींनी येथे बोलून दाखविली होती, आणि अस्पृश्यांना देवळांची दारे बंद होती त्या काळी ते लहान बोलणे नव्हते. परंतु उलटही विचारता येते. मूर्ती काढून टाकली तरी वास्तूचे नाव 'मंदिर' आणि भूमीचे नाव 'माता' हे ठेवलेच. ते कोणाला जवळचे वाटले असेल, कोणाला परके? आणि मूर्तीच नसेल तर साध्या भाविक म्हातारीने हात कोणाला जोडावेत? एका मुलीने हा शेवटचा प्रश्न काढला तेव्हा आम्हांला तिचे कौतुक वाटले, कारण तो मूर्तिपूजकांच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. पुस्तकात 'राष्ट्रवाद' हा एकवचनी शब्द असतो. येथून परतताना मुलांच्या वहीत त्याचे अनेकवचन झालेले असते.

दुसरी फेरी सारनाथची. १९०४-०५ च्या उत्खननात एफ. ओ. ओर्टेल यांना अशोकाच्या स्तंभाचे सिंहशीर्ष सापडले. १९१० साली तेथे संग्रहालय झाले, आणि आत शिरताच ते शीर्ष आजही समोर येते. २६ जानेवारी १९५० पासून ते आपले राजचिन्ह आहे. मुलांच्या खिशातल्या नाण्यावर ते असते. तरीही चार सिंहांऐवजी तीनच का दिसतात याचा विचार बहुतेकांनी केलेला नसतो. संग्रहालयात ते भोवती फिरून चौथा सिंह पाहतात. मूळ शीर्षात सिंहांच्या माथ्यावर एक मोठे चक्र होते, त्याचे तुकडे सापडले आहेत. आणि सिंहांखाली उलट्या कमळाची घंटा आहे, ती राजचिन्हात घेतलेली नाही. स्वतंत्र भारताने काय घेतले आणि काय सोडले, ही यादी मुले स्वतः करतात. ध्वजावर काँग्रेसच्या चरख्याच्या जागी १९४७ साली चक्र आले, ते गांधीजींना सहजासहजी रुचले नव्हते, हेही येथेच सांगतो. खेड्यातले सूत आणि सम्राटाचे चाक, या दोन चिन्हांत दोन निरनिराळे भारत आहेत.

परंतु सारनाथला आमचा खरा मुक्काम असतो तो स्तंभाच्या बुंध्यापाशी. त्यावर अशोकाचा लेख आहे. मुलांची अपेक्षा अशी की तेथे शांतीचा, करुणेचा उपदेश असणार. लेख निराळेच सांगतो. जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहावयास लावावे, ही आज्ञा. तिची एक प्रत उपासकांसाठी ठेवावी, अधिकाऱ्यांनीही उपोसथाच्या दिवशी यावे, असा बंदोबस्त. राज्यसत्ता धर्मसंघाच्या आत हात घालून एकमत राखू पाहत आहे. हे वाचून दाखविले की वर्ग दोन तट पडल्यासारखा होतो. एक म्हणतो, फूट पडू न देणे हे राजाचे कामच आहे. दुसरा म्हणतो, मग ज्याला पटत नाही त्याने जावे कोठे? सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावरून पंधरा-सोळा वर्षांची मुले मतभेद आणि ऐक्य यांवर अशी तावातावाने बोलू लागतात की त्यांना आवरावे लागते. 'शासनसंस्था आणि व्यक्तिस्वातंत्र्य' हा धडा आम्ही त्यानंतर वर्गात फारसा शिकवीत नाही. गरज उरत नाही.

सिंहांविषयी आणखी एक. जुलै २०२२ मध्ये दिल्लीच्या नव्या संसदभवनावर बसविलेल्या राजचिन्हाचे अनावरण झाले, तेव्हा हे सिंह मूळच्यापेक्षा उग्र दिसतात की काय यावरून देशभर बोलाचाली झाली. त्या कामाच्या शिल्पकारांपैकी एक, सुनील देवरे, आपल्याच महाराष्ट्रातले. आकार प्रचंड असल्यामुळे आणि खालून छायाचित्र घेतल्यामुळे तसे भासते, असा त्यांच्या बाजूचा खुलासा होता. आम्ही मुलांना संग्रहालयातील शीर्षाची छायाचित्रे समोरून आणि खालून अशी दोन्ही दाखवितो, मग संसदभवनावरची, आणि निवाडा त्यांच्यावर सोपवितो. निकाल कधीच एकमताने लागत नाही. पण 'मला राग आला' किंवा 'मला अभिमान वाटला' असे म्हणण्याऐवजी मुले 'जबडा', 'ओठांची रेघ', 'छातीचा फुगवटा' असे शब्द वापरू लागतात, आणि राजकीय भांडणात एवढी प्रगती प्रौढांच्याही हातून क्वचितच होते.

जवळच्या मूलगंधकुटी विहाराचा उल्लेख ओझरता करतो. अनागारिक धर्मपाल या सिंहली पुरुषाच्या प्रयत्नांनी १९३१ साली उभा राहिलेला हा विहार आतून रंगविला तो कोसेत्सु नोसु या जपानी चित्रकाराने, १९३२ ते १९३६ या काळात. आशियाच्या ऐक्याचे स्वप्न त्या भिंतींवर आहे, आणि त्याच वर्षांत जपानची फौज मांचुरियात होती. चित्रे अत्यंत शांत आहेत. एवढेच सांगून आम्ही मुलांना तेथे स्वस्थ बसू देतो.

आता आपल्या स्वतःच्या दगडांकडे वळतो. येथेच हा विषय अवघड होतो. भारतमाता मंदिर आणि अशोक हे साऱ्या देशाचे; परंतु या शहरातील कितीतरी घाट आणि देवळे ही आपली, मराठ्यांची. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट. सुट्टीत गावाहून आलेल्या पाहुण्यांना आपण नावेतून ती दाखवितो आणि आपली छाती थोडी पुढे येते. शिंदे घाट स्वतःच्याच भाराने खचला ही गोष्टदेखील आपण कौतुकानेच सांगतो! त्या दगडांनाही तेच प्रश्न विचारावयाचे की नाही?

अहिल्याबाईंचेच घ्या. १६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने विश्वेश्वराचे देऊळ पाडले गेले आणि तेथे मशीद झाली. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १७८० च्या सुमारास, अहिल्याबाईंनी शेजारच्या जागेत आजचे देऊळ उभे केले. मुलांना आम्ही नकाशा देऊन विचारतो की हे शहर त्या वेळी कोणाच्या अंमलाखाली होते? होळकरांच्या नव्हेच. १७७५ साली ते अयोध्येच्या नवाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या वर्चस्वाखाली गेले होते. माळव्याची राणी आपल्या सीमेबाहेर काशीला बांधते, गयेला बांधते, सोमनाथला बांधते. सैन्य न पाठविता, मुलूख न जिंकता, ती आपल्या राज्यकर्तेपणाची हद्द रामेश्वरापर्यंत नेते. तिच्या कागदांवर सही होती ती 'श्री शंकर' अशी. राज्य देवाचे, आपण कारभारी. ही भक्ती होती, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. आणि ती राज्यसत्तेविषयीची एक पक्की, विचारपूर्वक मांडलेली कल्पनाही होती. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मुलांना पटते. मोठ्यांना पटवताना वेळ लागतो.

एकदा या देवळाचे जुने छायाचित्र आम्ही वर्गात फिरविले आणि फक्त आकार सांगा म्हटले. शिखर, मग घुमट, मग शिखर. रणजितसिंहांच्या सोन्याने मढलेले असले तरी मधला घुमट तो घुमटच. मागच्या बाकावर विणकराच्या घरातला एक मुलगा बसला होता. एरवी या विषयावर तोंड न उघडणारा. तो हळूच म्हणाला, "सर, हा तर आमच्याकडच्यासारखा आहे." लागलीच पुढच्या बाकावरून उत्तर आले, "पण देऊळ पाडले होते ना?" वर्गात क्षणभर जी शांतता पसरली ती आम्हांला चांगली लक्षात आहे. असल्या क्षणी शिक्षकाने घाई करू नये. आम्ही फळ्यावर दोन्ही वाक्ये लिहिली. पाडले होते, हे खरे. ज्या कारागिरांनी पुन्हा बांधले त्यांच्या हातांत शिखर आणि घुमट दोन्ही होते, त्या काळच्या उत्तरेतील कितीतरी देवळांवर ते आहेत, आणि अहिल्याबाईंनी घुमट परका म्हणून नाकारला नाही, हेही खरे. पहिल्या वाक्याने दुसरे खोटे पडत नाही, दुसऱ्याने पहिले पुसले जात नाही. त्या जागेचा दावा न्यायालयापुढे गेला आहे आणि तो आमच्या वर्गात सुटावयाचा नाही. पण त्या दिवशी त्या दोघांनी एकाच छायाचित्रावर माना वाकवून आणखी काय काय दिसते त्याची यादी केली, आणि ती आम्ही जपून ठेवली आहे.

त्याच आठवड्यात आमच्या संस्थेकडे दोन पालकांची पत्रे आली. एकाचे म्हणणे, देवळाला राजकारण म्हणता हा श्रद्धेचा अपमान आहे. दुसऱ्याचे म्हणणे, मशिदीचा विषय काढलाच कशाला, मुलाला उगाच सर्वांच्या नजरेत आणले. दोन्ही पत्रांत राग होता आणि दोन्हींत काळजीही होती. पहिल्या पत्रातील भाषा, सांगावयास हरकत नाही, शुद्ध मराठी होती! आम्ही दोघांनाही पुढच्या फेरीला बरोबर येण्याचे निमंत्रण दिले. एक जण आले, एक आले नाहीत. जे आले ते दिवसभर काही बोलले नाहीत, परंतु निघताना त्यांनी विचारले की अहिल्याबाईंच्या हाती नेहमी पिंडच का दाखवितात?

हा प्रश्न आम्ही त्यांच्याकडून उसना घेतला आणि तेव्हापासून दर वर्षी वापरतो. शुभ्र साडी, हातावर शिवलिंग, नजर खाली. आपल्या घरोघरच्या तसबिरीत अहिल्याबाई अशाच असतात. १७६७ पासून १७९५ पर्यंत कारभार पाहणारी, न्याय देणारी, हिशेब तपासणारी बाई. पण समोर दप्तर नाही, दरबार नाही. उलट, याच काशीत जन्मलेली मणिकर्णिका तांबे, झांशीची राणी, नेहमी घोड्यावर, पाठीशी मूल बांधलेले, तलवार उगारलेली. राज्यघटनेच्या सचित्र मूळ प्रतीत, नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी सजविलेल्या पानांवर, ती टिपू सुलतानाच्या जोडीने येते. इंग्रजांशी लढलेले ते दोघे. नव्या प्रजासत्ताकाने त्यांना एका पानावर बसविले, हाही एक विचार होता. आणि बायजाबाई शिंदे? ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतलेली, सावकारी व्यवहारात निष्णात, काशीत १८२८ साली ज्ञानवापीच्या विहिरीवर मंडप बांधणारी. तिची तसबीर आपल्यापैकी किती घरांत आहे? संत किंवा वीरांगना या दोनच चौकटींत आपण बाईला बसवू शकतो. मुत्सद्दी बाईसाठी आपल्याकडे चौकटच नाही. मुलींनी हे फार लवकर ओळखले, आम्ही सांगण्यापूर्वी.

तसेच डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याचे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर, नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या थोडेच दिवस आधी, बाबासाहेब सारनाथला येऊन गेले. आज या प्रांतातील खेडोपाडी त्यांचा पुतळा आहे. निळा कोट, टाय, बगलेत ग्रंथ, उचललेले बोट. कलासमीक्षक त्याकडे ढुंकून पाहत नाहीत, कारण तो बहुधा सिमेंटचा असतो आणि हातपायांचे प्रमाण चुकलेले असते. आम्ही मुलांना गांधीजींच्या पुतळ्याशेजारी त्याचे चित्र ठेवून पोशाखावर बोलावयास सांगतो. ज्याला सर्व काही मिळाले होते त्याने पंचा नेसला. ज्यांना अंगभर वस्त्रही नाकारले गेले होते त्यांच्यातल्या पुरुषाने सूट घातला. एका मुलाने लिहिले की कपडे उतरविणे आणि कपडे चढविणे, दोन्ही भाषणेच आहेत. समाजवाद, समता, स्वराज्य यांवर पानेच्या पाने लिहून जे हाती लागत नाही ते त्या वाक्यात होते, आणि ते वाक्य आम्ही शिकविलेले नव्हते.

या पद्धतीला एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. हातात हातोडी आली की सर्वत्र खिळे दिसू लागतात, तसे मुलांना प्रत्येक चित्रात डाव दिसू लागतो. कृष्णाची बासरी दिसली की "यामागे कोणाचे हितसंबंध?" भारत कला भवनात गुप्तकाळातील गोवर्धनधारी कृष्णाची प्रचंड मूर्ती आहे. तिच्यापुढे एका हुशार मुलाने सत्ताकारणाचा असा काही पाढा वाचला की आम्ही त्याला पाच मिनिटे गप्प उभे राहून नुसते पाहावयास लावले. कला ही केवळ विचारसरणीची वाहक आहे असे ठरविले की काय होते ते १९३७ साली म्युनिकमध्ये दिसले. नाझींनी एका इमारतीत 'थोर जर्मन कला' मांडली आणि जवळच दुसरीकडे 'अधःपतित कला' म्हणून नव्या चित्रकारांची विटंबना मांडली. लोकांची अधिक गर्दी झाली ती विटंबनेच्या प्रदर्शनाला, वीस लाखांवर. त्यांतले सगळेच थट्टा करावयास आले होते असे आम्हांला वाटत नाही. चित्रावर आधी शिक्का मारून मग पाहावयास लावणे, हे काम सरकारे करतात. ते वर्गात होऊ नये म्हणूनच आम्ही 'वाद' हा शब्द शेवटच्या तासापर्यंत लांबवितो.

पुण्याहून किंवा नागपूरहून कोणी विचारील की आमच्याकडे काशी नाही, आम्ही काय करावे? त्यांनी कर्मरकरांनी घडविलेला पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहावा. त्या स्मारकाची कोनशिला १९२१ साली इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते बसली आणि पुतळ्याचे अनावरण १९२८ साली झाले. स्वराज्य स्थापणाऱ्याचे स्मारक, आणि कोनशिला साम्राज्याच्या वारसाच्या हाताने! जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये ज्या शिवाजी राजांना पवाड्यात कुळवाड्यांचे भूषण म्हटले आणि टिळकांनी ज्यांचा उत्सव मांडला, ते राजे एकच की दोन, याची चर्चा त्या घोड्याच्या सावलीत उत्तम होईल.

शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. आपल्या गणेशोत्सवाची पन्नास वर्षांची छायाचित्रे सभासदांच्या कपाटांत, ट्रंकांत, जुन्या अल्बमांत विखुरलेली आहेत. मखरावर कोणत्या वर्षी काय होते? कधी किल्ला, कधी तिरंगा, कधी क्षेपणास्त्र, कधी क्रिकेटचा चषक, कधी नुसती झेंडूची फुले. आपण स्वतः कोणकोणत्या विचारांतून गेलो ते त्या मखरांत आहे, आणि कोणीही ते अभ्यासाचे साधन मानलेले नाही. या वर्षी मंडळातील मुलांनीच ती गोळा करून सालवार लावावीत असे ठरले आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी कृपया दिवाळीपूर्वी कार्यालयात आणून द्यावीत. मूळ प्रत परत मिळेल. फक्त मागच्या बाजूस पेन्सिलीने साल लिहावे, आणि ते मखर कोणी केले होते त्याचे नाव आठवत असल्यास तेही.